चार हजार प्रती, एक बाजू

प्रचार कचेरीत नवं टेबल आलं,
वर पाटी : भाषिक संपर्क.
मागे ओजस, एमबीए, वय चोवीस.
त्यानं मतदारयादीला चाळणी लावली,
आडनावाच्या शेवटी 'णी'.
गिडवाणी आले, लखाणी आले, केवलरामाणी आले
आणि त्यांच्या पाठोपाठ, निमूट,
कोपरीतले सदतीस कुलकर्णी.

मी नौपाड्यात डीटीपी करते.
लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, भाड्याने देणे आहे.
सिंधी मजकूर फोनवर आला तेव्हा
एकमेकांचे हात धरून होता,
उजवीकडून डावीकडे.
माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उतरला
आणि सुटा झाला,
अक्षर अक्षर वेगळं, तोंडं भलतीकडे,
रुसलेल्या वऱ्हाडासारखं.
मला काय कळणार?
मी ठिपके मोजले. ठिपके जुळले.
ओजस म्हणाला, एकदम ऑथेंटिक.
केणेसाहेबांचा फोटो तेवढा मोठा करा.
चार हजार प्रती. मागची बाजू कोरी,
स्वस्तात पडतं.

आठवडाभर कोणी हूं की चूं केलं नाही.
पोरं आजीशी सिंधी बोलतात,
रिक्षावाल्याशी मराठीत भांडतात,
ती लिपी त्यांना नक्षीसारखी दिसते.
ज्यांना येते त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
थोडक्यात, पत्रक सुरक्षित होतं.

गुरुवारी भर दुपारी
एक बाई दम खात जिना चढून आल्या.
गोमी तलरेजा.
शेवटी 'णी' नाही, म्हणून यादीत नाहीत.
शेजारच्या कुलकर्ण्यांनी पत्रक आणून दिलं होतं,
चुकून आमच्याकडे आलं, तुमचं असावं.
तळाला, कायद्याप्रमाणे, बारीक टायपात
छापणाऱ्याचं नाव आणि पत्ता. म्हणजे मी.

कागदभर लाल पेन.
एकतीस वर्षं सिंधी शाळेत शिकवलं त्यांनी.
शाळा बंद पडली,
आता तिथे फक्त मतदान केंद्र असतं.
खाली गुण दिले होते : दहापैकी शून्य.
मग शून्य खोडून, अर्धा.
"पत्ता बरोबर आहे म्हणून," त्या म्हणाल्या.
"बाकी सगळं उलटं छापलंयस, बाळ.
तुझे साहेब 'मत द्या' म्हणत नाहीयेत.
'याद्तम' म्हणतायत."

मी ओजसला फोन लावला.
तो म्हणाला, मॅडम, वाचतंय कोण?
पोचलं हे महत्त्वाचं. आकडा वर गेलाय.
स्पीकर चालू होता.
बाईंनी पाण्याचा घोट घेतला,
जणू वर्गात मागच्या बाकावरून कोणी शिट्टी मारली.

मग खुर्ची ओढली.
"बावन्न अक्षरं आहेत. त्यातली चार अशी
की श्वास बाहेर सोडायचा नाही, आत ओढायचा.
ब म्हण. आता आत."
मी म्हटलं. ठसका लागला.
पुन्हा म्हटलं, आणि गळ्यात काहीतरी
विहिरीत पोहरा पडावा तसं वाजलं.
"हां. हे तुझ्या साहेबांना जमायचं नाही.
त्यांना सगळं बाहेर टाकायची सवय."

मला वाटलं, आता तक्रार लिहून देतील,
माफीचं पत्र मागतील, नवी छपाई तरी.
त्यांनी विचारलं, उरलेत किती?
सातशे असतील.
"मागे कोरे आहेत ना?
रविवारी घरी शिकवते. तीन मुलं येतात.
दोन माझ्या लेकीची, बळेबळे.
तिसरा कुलकर्ण्यांचा,
त्याला उजवीकडून लिहायला मजा वाटते."

सातशेचा गठ्ठा मी सुतळीनं बांधून दिला,
रिक्षापर्यंत पोचवला.
कोरी बाजू वर ठेवली,
केणेसाहेबांचा चेहरा आत.