विहीर क्रमांक एक्केचाळीस

लिफ्टच्या खड्ड्यात बारा महिने पाणी.
सोसायटी म्हणते, गळती.
प्लंबर म्हणतो, शेजारच्या बिल्डिंगची टाकी.
मी म्हणाले, विहीर होती इथे,
तर सेक्रेटरी चष्म्यावरून बघत,
"कागद आहे का काही?"

कागद.
अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं
आणि तळमळून लिहिलं दीड पान:
आमची विहीर का बुजवली,
कुणी, कुणाला विचारून?

आवक-जावकला वारघडे बसतात.
त्यांनी वाचला अर्ज, सगळा, ओठ हलवत,
आणि परत सरकवला.
"नाखवाबाई, 'का' विचारू नका.
'का' कुठल्याच कपाटात नसतं.
नोंदवही मागा. प्रत मागा. सालं घाला, वॉर्ड घाला.
आणि राग घरी ठेवून या,
त्याच्यावर शिक्का बसत नाही."

मग नवा लिहिला, चार ओळींचा,
इतका कोरडा
की खाली माझी सही बघून मीच दचकले.

एकोणतिसाव्या दिवशी शहर विकासचं उत्तर:
'सदर ठिकाणी विहीर असल्याबाबतचा
कोणताही अभिलेख आढळून येत नाही.'
अर्ज पाणीपुरवठ्याकडे वर्ग.
पाणीपुरवठ्याकडून मालमत्तेकडे.
मालमत्तेकडून, सविनय, पुन्हा शहर विकासकडे.
कचराळी तलावाला सकाळी फेऱ्या मारतात माणसं,
तसा माझा अर्ज घाम पुसत मूळ जागी.

अपिलाला वीस रुपये.
सुनावणीचे साहेब सज्जन होते, घाईत होते.
"नाहीच म्हटल्यावर देणार काय?"
मी म्हणाले, देऊ नका. बघू द्या.
अवलोकन.
हा शब्द मी रिक्षात पाठ करत गेले होते.

तळघरात ट्यूबलाइट, कसर,
लाल फडक्यात बांधलेली दप्तरं.
काहींच्या गाठी तेवढ्या शाबूत, आत भुगा.
तीन मंगळवार गेले.
चौथ्याला वारघडे, डब्यातली भाकरी मोडत,
"पाण्याचे सगळे विभाग झाले तुमचे.
डासांचा बघितलात?"

हिवताप विभाग, सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर.
निळी शाई, हाताने आखलेले रकाने,
उजवीकडे कलणारं अक्षर:

विहीर क्र. ४१. तांडेलांची आळी, चेंदणी.
पाणी गोडे. वापरात.
गप्पी मासे सोडले, नग पन्नास.

आणि शेऱ्याच्या रकान्यात,
जिथे वरपासून खालपर्यंत 'निरंक',
तिथे फक्त इथे:
'मुलांनी मासे धरू नयेत अशी समज दिली.'

ती समज मला दिली होती.
खाकी अर्धी चड्डी, जर्मनचा डबा,
कडेला उकिडवे बसून हलकेच डबा कलता करणारे.
आम्ही त्यांना मासेवाले म्हणायचो,
कोळ्यांची पोरं असून.
सही आहे खाली: भि. रा. सोष्टे.
मी ऐकलं नव्हतं.
दोन मासे आईच्या लोणच्याच्या बरणीत
गुरुवारपर्यंत जगले.
म्हणजे नग अठ्ठेचाळीस.
हा तपशील वहीत नाही,
कुणी अर्ज केला तर मी देईन.

दोन रुपये पान, एकच पान.
'खरी प्रत' असा शिक्का, जरा तिरका.

मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी तो उजेडाला धरला.
"यात मासे आहेत. विहीर बुजवल्याचं कुठेय?"
बरोबर आहे त्यांचं.
बुजवल्याचं कुठेच नाही.
म्हणजे कागदोपत्री ती अजून वापरात आहे,
पाणी गोडे.

परवा डासांसाठी पालिकेचा मुलगा आला,
पाठीवर फवारणीचा पंप.
लिफ्टच्या खड्ड्यात वाकून टॉर्च मारला,
मोबाइलमध्ये काहीतरी भरलं.
काय लिहिलंस?
"पाणी साचलेलं."

क्रमांक घाल, मी म्हटलं.
एक्केचाळीस.