आधीचा मालक

एवर्त लिंडबॅकच्या गाड्या मी एकतीस वर्षं तपासल्या,
लुक्सेलेच्या तपासणी केंद्रात,
तीन नंबरच्या खड्ड्यात उभं राहून.
लोक त्याला वरून ओळखतात,
मी खालून:
सायलेन्सर, स्प्रिंगा, ब्रेकच्या नळ्या,
मग दाराखालच्या पत्र्यावर हातोडीची टकटक.
भरीव वाजलं की पुढच्या वर्षी भेटू.
भुसभुशीत वाजलं की वरून त्याचा आवाज,
"किती?"
"मूठ जाईल एवढं."

एकेचाळीस.
एवढ्या माझ्या वहीत आहेत, आधीच्या त्याच्या त्याला ठाऊक.
पहिली साब, धूर सोडणारी,
देशानं एका रात्रीत डावी बाजू सोडून उजवी धरली
त्याच्या आदल्या आठवड्यात घेतलेली.
बहुतेक दक्षिणेतून आलेल्या, स्वस्त.
तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात.
खाल्ल्या मिठाला माणसं जागतात म्हणे;
इथं मीठच खातं, आणि जागत नाही कुणाला.

गुनवोर, त्याची बायको,
वाचनालयाची फिरती बस चालवायची.
बावीस वर्षं एकच बस, एकच गिअरचा दांडा,
तिच्या तळहाताएवढा गुळगुळीत झालेला.
ती एकदा म्हणाली,
"दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाची बायको नाही.
शनिवारी पेपरच्या मागच्या पानावर बोट फिरायला लागतं
आणि मी समजते, झालं.
दुकानाबाहेर मी आमची गाडी शोधतच नाही.
नवरा शोधते."

मी विचारलं होतं त्याला, का रे?
उणे अठ्ठावीस होतं, कॉफीच्या कपात
त्याच्या मिशीवरचा बर्फ वितळून पडत होता.
म्हणाला, "पहिले तीन आठवडे.
वारा कुठल्या दारातून येतो माहीत नसतं.
तिसऱ्या गिअरला ती का कण्हते, माहीत नसतं.
झोपताना उद्याचं काहीतरी शिल्लक असतं."
मग बराच वेळ काही बोलला नाही.
आरागिरणीत तो चाळीस वर्षं
एकाच पात्यासमोर उभा होता, हे मला नंतर आठवलं.

अठरा वर्षांपूर्वी एक व्होल्वो घेऊन आला,
गडद निळी, लांब पाठीची.
नंबर त्याच्या कधीच लक्षात राहत नाहीत.
माझ्या राहतात, तो माझा रोग.
ही पिवळी होती तेव्हा
त्यानंच विकली होती, कुणा गोथेनबर्गवाल्याला.
उजव्या दाराखाली ठिगळ,
वेल्डिंगची शिवण डावखुऱ्या हाताची,
बुटाच्या नाडीसारखी वाकडी.
हट्टानं खाली उतरला, माझ्या शेजारी उभा राहिला,
ठिगळावरून अंगठा फिरवला.
"आधीच्या मालकाला वेल्डिंग येत नव्हतं," म्हणाला,
"पण जीव होता त्याचा हिच्यावर."
मी म्हटलं, "दिसतंय."
आणि शिक्का मारला.
चौदा महिन्यांनी त्यानं ती परत विकली.

परवा बेचाळिसावी आली.
विजेवरची. आवाज म्हणजे फ्रिज उघडल्याएवढा.
गुनवोर चालवत होती;
डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याचं लायसन्स काढून घेतलंय,
शेजारच्या सीटवर तो काच खाली करून बसलेला,
कान बाहेर.
मी खाली गेलो. वर बघितलं.
सपाट काळं प्लास्टिक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
ठोकायला काही नाही.
हातोडी खिशातच राहिली.

"किती?"

"काहीच नाही, एवर्त."

"काहीच नाही?" त्यानं परत विचारलं,
घरी कुणी नाही असं दारातून ऐकल्यासारखं.

गुनवोरनं पैसे भरले.
काच वर जाताना मला दिसलं:
त्याच्या मांडीवर शनिवारचा पेपर होता,
मागचं पान वर येईल अशी घडी घातलेला,
आणि पेन्सिलचं एक गोल,
जाहिरातीवर नीट बसलं नव्हतं,
अर्धं बाजूच्या कोऱ्या जागेत.