वरचे चार थर

मिऱ्याच्या वाटेवर, जांभ्याच्या खोलीत
पंप तीन दिवस घरघरतोय.
आत हवा म्हणावी इतकी उरली नाही.
बाहेर खिडकीच्या गजाला मीठ लागून
पापुद्रे सुटलेत.

लोखंडाचा तुकडा, नखाएवढा,
तापवून तापवून कोरा केलेला.
त्यावर उजेड सोडला की
इलेक्ट्रॉन निघतात, आपापली गिरकी घेऊन:
वरची, नाहीतर खालची. तिसरी नसते.

सोन्याच्या वर्खावर आपटून ते पांगतात.
डावीकडे शंभर, उजवीकडे ब्याण्णव.
या आठांसाठी मी जागी.

खोलातलं ते काही बोलत नाहीत.
फक्त वरचे चार थर.

अब्बा मिरकरवाड्यात ओहोटीला
होडीच्या बुडाची कालवं खरवडायचे,
फळी नखाने टोकरून म्हणायचे,
“रुकय्या, दर्या आत शिरतो तो इथनंच.”
मला तेव्हा वाटायचं, लाकूड म्हणजे आतलं लाकूड.

तीन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.
पंप थांबला. गाज ऐकू आली.
किती वेळ, ते मोजलं नाही.

वीज आली तेव्हा
डावीकडे शहाण्णव,
उजवीकडे शहाण्णव.

तुकडा तसाच दिसत होता, लखलखीत.
मी गजावरचा एक पापुद्रा
नखाने काढला.