दिवस गेले, किती

डेस्सीच्या सरकारी इस्पितळात
नोंदवहीला सतरा रकाने आहेत.
वय. गाव. आधीची बाळंतपणं.
सिझर झालं असल्यास कधी. हिमोग्लोबिन.
आणि नवव्या रकान्यात: किती आठवडे.

राजधानीहून एक पोरसवदा डॉक्टर आलाय, मस्रेशा,
लॅपटॉप आणि खोकल्याची बाटली घेऊन.
इथली उंचावरची थंडी त्याला बाधली.
गर्भपातानंतर गुंतागुंत कुणाला होते, कुणाला नाही,
ते आधीच ओळखता येईल का, हे त्याला शोधायचंय.
"जोखमीचे घटक," तो म्हणतो,
आणि येशीवर्ककडे बघतो.
तिची एकोणीस वर्षं प्रसूतिगृहात गेली,
आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून
तिला खुर्ची आणि ही वही दिलीय.

"ही ओळ वाच," ती म्हणते. "तोयबा. बावीस.
कड्याखालच्या गावची."

दिवस गेले होते तिला.
बाईला दिवस गेले,
किती सहज बोलून जातो आपण.
मग खरोखरच दिवस जात राहिले.
धाकटा अजून अंगावर पीत होता,
पाळी नीट परतलीच नव्हती,
त्यात पहिले चाळीस कळलेच नाहीत.
नवरा जिबूतीच्या बंदरात हमाल,
निरोप जाऊन उलटा यायला अकरा.
आरोग्य केंद्रात उपकरण होतं,
ते चालवायला शिकलेली नर्स बदलून गेली होती,
नवी येईल म्हणून थांबण्यात वीस.
बाजाराच्या दिवशी शेळीला कुणी भाव देईना.
पुढचा बाजार आठवड्याने.
आणि वर्षाअखेरचा तो इवलासा तेरावा महिना,
पगुमे, पाच दिवसांचा,
तो तिने मोजलाच नव्हता.
महिनाच कसला तो, ती म्हणाली होती.

मस्रेशाची बोटं थांबतात.
"वहीत सतरा आठवडे लिहिलंय."
"लिहिलं मीच."

सतरा आठवडे, जुनं सिझर, रक्त सहा पॉइंट आठ.
रात्रीचे तीन झाले होते, तिथल्या घड्याळात,
जे सूर्य मावळल्यावर शून्यापासून सुरू होतं.
पिशवी आखडेना. येशीवर्कने पोट चोळलं,
इंजेक्शनं दिली, पुन्हा चोळलं,
मुठीला घट्टे पडतील इतकं.
रक्ताच्या दोन बाटल्या हव्या होत्या, कपाटात एकच.
दुसरी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने दिली,
बाही सरकवून, म्हणाला,
आईला सांगू नका, ती ओरडेल.
पहाटे तोयबाने डोळे उघडले
आणि आधी विचारलं, शेळी कुणी घेतली.

"ड्रायव्हरचा रक्तगट?" मस्रेशा.
"ओ. काय करणार आहेस त्याचं?"
तो काही बोलत नाही. खोकतो.
गुंतागुंतीच्या रकान्यात 'होय' भरतो.

येशीवर्क पान मागे उलटते,
एका ओळीवर नखाने खूण करते.
मेकलित. एकोणीस. बसस्टँडच्या मागे राहते.
सात आठवडे. पाळी चुकली त्याच आठवड्यात
चालत आली, मैत्रीण सोबत,
दोन तास बसली, आणि जाताना
चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरली.
ह्या ओळीत लिहिण्यासारखं काहीच नाही.
हिमोग्लोबिन बारा. गुंतागुंत: नाही.
तिचा चेहराही आठवत नाही मला.

"आता ह्या बघ," ती म्हणते,
आणि पानं उलटत राहते,
नाही, नाही, नाही, नाही,
अंगठा ओला करून, हळूहळू,
मधेच एखाद्या 'होय'वर थबकत,
तिथे मात्र ती नाव मोठ्याने वाचते.