काहीच नाही, बहुतेक

बुधवार होता. गाडीच्या डिकीत
दोन सूक्ष्मदर्शक, त्यातला एक उसना,
चिकटपट्टीची अकरा रिळं, खोकंभर शिसपेन्सिली,
आणि पुढच्या सीटवर अँगॅरड, जिला गाडी लागते.
विद्यापीठातून ऱ्होंडाच्या खोऱ्यात चढायला तास पुरतो.
वळणं धरली तर जास्त.

नववीचा वर्ग. सव्वीस पोरं. त्यांच्यामागे खिडकीत
तो डोंगर, जो डोंगर नाही:
खाणीतून उपसलेला ढीग, आता गवत, वर मेंढ्या.

आधी संगणक. आठ जण खुर्च्या घेऊन ओळीत.
बसला तर शून्य, उठला तर एक.
असं ऊठबस करत दोनशे पंचावन्नपर्यंत जायचं.
उजव्या टोकाच्या गेथिनची सुटका नाही,
दर आकड्याला तो हलणारच.
चाळीसला त्याचे गुडघे बोलू लागले.
डाव्या टोकाला मॅकसेन,
एकशे अठ्ठावीसची वाट बघत
खिशातले वेफर्स खात निवांत.
"सर, हा अन्याय आहे," गेथिन म्हणाला.
आहे, मी म्हटलं.
यंत्राला गुडघे नसतात म्हणून चालून जातं.

मग पेन्सिल. कागदावर गडद गिरवा,
पट्टी चिकटवा, ओढा,
तिच्यावर दुसरी, पुन्हा ओढा.
कोळसा उगाळावा तितका काळाच,
हे या गावाला कोणी शिकवायचं?
पण पेन्सिलीतला त्याचा भाऊबंद
सोलत गेलं तर विरत जातो:
करडा, धुरकट, काचेवर टाकलेल्या श्वासासारखा,
मग पट्टीवर काहीच नाही.
आणि ते काहीच नाही म्हणजे
एका अणूच्या जाडीची चादर, असू शकते.
("असू शकते" वर अँगॅरड जोर देते. ती खोटं बोलत नाही,
शाळेतसुद्धा.)

नॅनोमीटर सांगताना मी नेहमीचं वाक्य टाकलं:
"एवढं बोलेपर्यंत तुमचं नख
दोन-तीन नॅनोमीटर वाढलंसुद्धा."
सगळ्यांनी नखं पाहिली.
टेलेरीने हात बाकाखाली नेले.
कुरतडून कुरतडून तिथे वाढायला काठच उरला नव्हता.

नंतर तिनेच विचारलं, हात वर न करता:
"किती बारीक असलं की ते
छातीतून परत येत नाही?"

पट्ट्या ओढण्याचा चर्र आवाज थांबला.

"आमचे ताद-की, म्हणजे आईचे वडील,
जिना चढताना तीनदा थांबतात.
मनगटावर निळी रेघ आहे त्यांच्या,
जखम भरताना आत कोळसा राहून गेला.
ती निदान दिसते."

अँगॅरडने माझ्याकडे पाहिलं. मी सूक्ष्मदर्शकाकडे.
माझ्या एकोणतीस स्लाइड्समध्ये हे नव्हतं.
आकडा ठाऊक होता मला, मायक्रोमीटरमधला.
तो सांगितला. हेही सांगितलं
की आम्ही दिवसभर ज्याच्याशी खेळतो
त्याच्या मानाने ती धूळ म्हणजे धोंडे.

ती थोडा वेळ गप्प.
"म्हणजे मोठंच होतं," म्हणाली,
"तरी कोणाला दिसलं नाही."

घंटा झाली. गेथिन लंगडण्याचं नाटक करत गेला.
अँगॅरड रिळं मोजत होती, मोजलेलीच पुन्हा.

टेलेरीने एक पट्टी मागून घेतली,
शेवटची, स्वच्छ, काहीच नसलेली.
वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवली,
बाजूने बाण काढला,
आणि लहान अक्षरात लिहिलं:
इथे आहे. बहुतेक.