सी-सात

शहाण्णव खणांची प्लेट, तळहातात मावणारी.
प्रत्येक खणात पेशी, माणसाच्या मूत्रपिंडातल्या;
कुणाच्या, ते कुणालाच ठाऊक नाही,
पण नेहरूनगरच्या या तिसऱ्या मजल्यावर
सदतीस अंशांत त्या अजून वाढतात.

त्यांच्यात आम्ही दोन गोष्टी सोडल्या:
एक रिसेप्टर, केंद्रकात डीएनएवर ठाण मांडून,
आपल्या खोबणीत कोण येऊन बसतं त्याची वाट बघत;
आणि काजव्याचं एक जनुक,
त्यानं खूण केल्याशिवाय न पेटणारं.
औषध नेमकं बसलं तर उजेड.
नाहीतर नाही.

कणकुंबीच्या मावशीला हे समजावलं,
तर म्हणाली, "काजवे मोजायचा पगार देत्यात व्हय तुला?"
देतात. दोन-दोन महिने उशिरा.

मोनाप्पानं जांबोटीहून पोत्यातून आणलेली साल:
मराठीत तिला एक नाव, कन्नडमध्ये दुसरं,
आमच्या वहीत नुसतं एक्केचाळीस.
बुधवारी तो अर्क सी-सातमध्ये घातला.
गुरुवारी मशीननं आकडा दिला,
शेजारच्या खणांच्या आठपट.
पुन्हा मोजला. आठपट.
मी खाली पळाले
आणि अर्धा किलो कुंदा घेऊन आले.

नीलगंगा हिरेमठ काही बोलली नाही.
तिनं दुसरी प्लेट लावली, तेच जनुक, तीच साल,
फक्त रिसेप्टर वगळून.

शुक्रवारी तीही उजळली.

म्हणजे खोबणीत कुणी बसलंच नव्हतं.
साल काजव्याच्याच प्रथिनाला बिलगली होती,
त्याला विरू देत नव्हती, एवढंच.
दारावर थाप पडली म्हणून आम्ही धावलो,
आणि कडी वाऱ्यानं हलत होती.

"इर्ली बिडु," नीलगंगा म्हणाली
आणि कुंद्याचा पुडा सोडला.
चांगला होता. किंचित जास्तच खरपूस.

वहीत लाल शाईनं लिहिलं: एक्केचाळीस, बाद.
मोनाप्पाला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही.
त्यानं साल सोलताना झाडाची माफी मागितली होती म्हणे.

सगळे गेल्यावर प्लेट घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले.
हा उजेड आम्ही कधी बघत नाही,
मशीन बघतं, झाकण लावून,
आणि आम्हाला आकडा देतं.
दिवा घालवला. डोळे सरावेपर्यंत उभी राहिले.
सी-सातच्या जागी
काहीतरी दिसलं, किंवा मला दिसायला हवं होतं.

त्याची नोंद केली नाही.
सोमवारी बेचाळीस.