शेवटच्या ओळीनंतरचं एंटर

फाईलचं नाव त्यानं ठेवलं होतं: औसा विहिरी.
मधे एक मोकळी जागा,
बोलताना श्वास घेतो आपण, तेवढीच.
स्क्रिप्टनं तिथंच तोडलं.
आधी औसा शोधलं, मिळालं नाही.
मग विहिरी शोधल्या.
‘विहिरी: अशी कोणतीही फाईल नाही.’
एप्रिलात, लातूरच्या ऑफिसात,
कूलरमधलंसुद्धा पाणी आटलेलं असताना,
मी एकटीच हसले.

कढई दोन्ही कानांनी धरावी
तसं अवतरणांत धरून नाव उचललं.
उघडली.

वाघंबर सोळा वर्षं दोरी सोडतोय विहिरींत.
भिजलेल्या गाठी मोजतो, मोबाईलवर टाइप करतो.
जिथं दोरी कोरडीच वर येते
तिथं आकडा लिहीत नाही तो,
एक चांदणी काढतो.
म्हटलं, त्याची खूण आहे, राहू दे.
पण उघड्यावर पडलेली चांदणी म्हणजे
आमच्या भाषेत ‘इथलं सगळं’.
मातोळ्याच्या कोरड्या विहिरीत
फोल्डरातलं सगळं येऊन पडलं:
पगारपत्रक, रजेचे अर्ज, टँकरची जुनी बिलं.
पुन्हा अवतरणं. या वेळी ओळीला.

तरी हिशोब जुळेना.
त्याच्या विहिरी एकेचाळीस, माझ्या चाळीस.
लोदग्याची गायब.
फाईल उघडली की दिसते, अगदी तळाशी,
सव्वानऊ मीटर;
स्क्रिप्टला वाचायला लावली की नाही.
फोन केला.
‘शेवटी एंटर दाबलं नाही का?’
‘कामून दाबू, मॅडम?
फुडं लिहायला काई उरलंच न्हाई की.’

बरोबरच आहे त्याचं.
पण यंत्राच्या लेखी ओळ म्हणजे जी संपवली ती.
नुसती थांबलेली ओळ ते हातात घेतं
आणि ‘संपलं’ म्हणत माघारी येतं,
मूठ न उघडता.

मग अट वाढवली:
वाच. आणि वाचणं संपलंय असं वाटलं तरी
हातात काही उरलंय का बघ.
एवढंच. दोन चौकटी कंस,
त्यात अवतरणांतलं एक नाव.
लोदगा आला. सव्वानऊ.

मे महिन्याची फाईल काल आली.
नाव सलग, मधे फट नाही.
आणि खाली, लोदग्याच्या पुढं,
खास माझ्यासाठी, आठवणीनं,
अकरा वेळा दाबलेलं एंटर.
एक लोदग्याच्या कामी आलं.
स्क्रिप्ट म्हणते, विहिरी एक्कावन्न.
दहांना नाव नाही,
ना आकडा, ना चांदणी.
अजून पुसल्या नाहीत मी.